ऐरोलीच्या गच्चीवर कोबीचा गड्डा धरेना: तारीख, माती की ऊन?

ऐरोली_गच्ची

नमस्कार मंडळी. यंदा गच्चीवर कोबी नीट आखणी करून घ्यायचा आहे, म्हणून आधीच विचारते.

जागा अशी: नवी मुंबईतल्या ऐरोलीत पाच मजली इमारतीची पूर्ण मोकळी गच्ची, दक्षिणेला साडेतीन फुटी कठडा. १२ बाय १२ इंची पंचवीसएक ग्रो बॅगा कठड्याला लागून ओळीने ठेवल्या आहेत, शिवाय ४ बाय २ फुटांचे दोन वाफे. माती म्हणजे नर्सरीतली लाल माती, शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). गेल्या हंगामात रोपं नर्सरीत डिसेंबरअखेर मिळाली. पानं हातभर झाली, हिरवीगार, पण गड्डा धरला नाही. दोन-तीन रोपांना धरला तो दाबला की पोकळ लागायचा. फेब्रुवारीत बॅग ओली असूनही रोज दुपारी पानं माना टाकायची. काढून टाकताना एक-दोन दांडे चिरून पाहिले तर आत पोकळी आणि तपकिरी डाग.

वाण कोणता, पेरणी कधी, शेड नेट लावायचं की नाही, पाणी किती, हे सगळं या हवेला धरून सांगा. नाशिक-जुन्नरची वेळापत्रकं इथे चालत नाहीत असं दिसतंय.

वाफसा

ताई, पानं हातभर आणि गड्डा नाही, याचं मुख्य कारण तारखेत आहे. बाकीचं दुय्यम.

कोबी २५-३० अंशांतही पानं जोमाने काढतो. गड्डा भरायला मात्र त्याला १५ ते २० अंश लागतात. दिवसा तीसच्या वर आणि रात्रही उबदार, असं झालं की आतली पानं एकमेकांवर मिटत नाहीत, देठ लांबतात, गड्डा धरलाच तर सैल आणि टोकदार होतो. आपल्याकडे जानेवारीतही दुपार तीसच्या आसपास असते, त्यामुळे सगळी भिस्त रात्रीवर. ठाणे-नवी मुंबईत रात्रीचा पारा वीसच्या खाली टिकतो तो साधारण डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. पुढे पूर्वेचे कोरडे वारे सुरू होतात, समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा पोचतो आणि पारा ३६-३७ ला टेकतो. आपल्या हातात गड्डा भरायला आठ-नऊ आठवडेच असतात.

म्हणून पेरणीची तारीख मागून मोजत यायची. गोल्डन एकरसारखा लवकर येणारा वाण लावणीपासून ६० ते ६५ दिवसांत तयार होतो. पहिले ३५-४० दिवस तो नुसती बाहेरची पानं वाढवतो, गड्डा भरतो तो शेवटच्या पंचवीसएक दिवसांत. हे शेवटचे दिवस फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याच्या आत संपायला हवेत. म्हणजे लावणीची शेवटची तारीख १ डिसेंबर, उत्तम काळ ५ ते २० नोव्हेंबर. रोप तयार व्हायला २५ ते ३० दिवस, म्हणून पेरणी ऑक्टोबरमध्येच. पहिली खेप दसऱ्याच्या आसपास पेरा, दुसरी त्यानंतर दोन आठवड्यांनी, आणि नोव्हेंबर लागला की कोबीचं पाकीट बंद करून ठेवा. तुमची रोपं डिसेंबरअखेर लागली, म्हणजे त्यांचा गड्डा भरायचा काळ नेमका पूर्वेच्या वाऱ्यात गेला.

वाण: गोल्डन एकर किंवा प्राईड ऑफ इंडिया. दोन्ही लवकर येणारे, गोल, किलो-दीड किलोचे. बॅगेत पाऊण ते एक किलो मिळाला तरी चांगला समजा. पुसा अगेती हा खास उष्ण भागासाठी काढलेला वाण, बी मिळालं तर जरूर घ्या. पुसा मुक्ता हा घाण्या रोगाला (पानाच्या शिरा काळ्या पडतात तो) बऱ्यापैकी दाद न देणारा. ड्रमहेड म्हणून मिळणारे चपट्या, मोठ्या गड्ड्याचे वाण इथे घेऊ नका, त्यांना शंभर दिवसांच्या आसपास लागतात आणि तेवढी थंडी आपल्याकडे नाही. संकरित बी घेणार असाल तर पाकिटावर दिवस बघा, ६५ च्या वरचं नको.

रोपं घरीच करा. ९८ किंवा १०४ खणांचा ट्रे, धुतलेलं कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं निम्मं. बी अर्धा सेंटिमीटर खोल, एका खणात एक. पेरण्याआधी बियाला चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) चोळा. ऑक्टोबर हीटमध्ये गच्चीवर ट्रेचा वरचा थर दुपारी तासाभरात कोरडा पडतो आणि मोड आलेलं बी तिथेच सुकतं, म्हणून उगवेपर्यंत ट्रे सावलीत ठेवून वर ओला वर्तमानपत्राचा कागद. चौथ्या दिवसापासून रोज सकाळी कागद उचलून पाहायचा. पांढरे वाकडे मोड एक-दोन खणांत दिसले की त्याच क्षणी कागद काढायचा. संध्याकाळपर्यंत थांबलात तर रोपं दोऱ्यासारखी उंच होतात आणि पुढे कधीच सावरत नाहीत. उगवल्यानंतर सकाळचं ऊन साडेदहापर्यंत थेट, मग दुपारभर ५० टक्क्यांचं नेट (म्हणजे निम्मं ऊन अडवणारं). पाणी सकाळीच, बारीक झारीने. रात्री वरचा थर ओला राहिला की रोपं बुडाशी बारीक होऊन कोलमडतात.

चार-पाच पानं झाली की लावायचं. नर्सरीतून आणणार असाल तर एक रोप खणातून उपसून मुळं बघा. पांढरी, भुसभुशीत हवीत. तपकिरी होऊन गोल गोल गुंडाळलेली असतील आणि खालची पानं जांभळट असतील तर रोप जुनं झालंय. त्याचा गड्डा मुठीएवढाच राहतो.

कोपरीची_कुंडी

वाफसा यांनी तारखेचं सांगितलंच आहे. मी गच्चीचं सांगते, कारण तुमच्या वर्णनात दोन गोष्टी खटकल्या.

पहिली, बॅगा दक्षिणेच्या कठड्याला लागून आहेत. डिसेंबरात आपल्या अक्षांशावर भर दुपारी साडेबाराच्या सुमारासही सूर्य दक्षिणेकडे फक्त ४७ अंश उंचीवर असतो. साडेतीन फुटी कठड्याची सावली तेव्हा सव्वातीन फूट आत येते, सकाळी दहाला आणखी थोडी जास्त. म्हणजे कठड्याला चिकटलेल्या बॅगांना ऐन गड्डा भरायच्या काळात जेमतेम शेंड्यावर ऊन मिळतं. गंमत अशी की मे महिन्यात तीच जागा उन्हाने भाजून निघत असते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. बॅगा चार फूट आत घ्या, किंवा उत्तरेच्या कठड्याकडे न्या. कोबीला नोव्हेंबर ते जानेवारी किमान सहा तास थेट ऊन हवंच. याच कारणाने फक्त उत्तरेला तोंड असलेल्या बाल्कनीत कोबी लावण्यात अर्थ नाही, तिथे पालक-मेथी करा.

दुसरी गोष्ट, मुळांची उष्णता. हवा थंड करणं आपल्या हातात नाही, बॅग थंड ठेवणं आहे. कोबीची बहुतेक मुळं वरच्या फूटभर मातीत आणि बॅगेच्या कडेला असतात. काळी बॅग असेल तर तीच कड दुपारी सगळ्यात जास्त तापते. बाहेरून पांढऱ्या बॅगा घ्या, किंवा असलेल्यांना जुनं गोणपाट गुंडाळा. बॅगा थेट लादीवर नकोत, विटांवर किंवा स्टँडवर चार-सहा इंच उचलून ठेवा. खालून वारा खेळतो, निचरा दिसतो, वॉटरप्रूफिंगलाही बरं. १२ इंची बॅग भरून ओली झाली की २०-२५ किलोची होते. पंचवीस बॅगा म्हणजे पाचसहाशे किलो, तेव्हा सगळ्या एका कोपऱ्यात न रचता तुळईच्या ओळीवर पसरा.

वर आच्छादन दोन इंच. भाताचा पेंढा भिवंडी-मुरबाडकडून मिळतो. न मिळाला तर रसवंतीवरची उसाची चिपाडं चालतात, पण धुऊन दोन दिवस कडकडीत वाळवल्याशिवाय नाही, नाहीतर गोडाला मुंग्या येतात आणि मागोमाग मावा. आच्छादन खोडापासून दोन बोटं दूर.

शेड नेट: लावणीनंतर पहिले दहा-बारा दिवस ११ ते ४ पर्यंत ३५ टक्क्यांचं. मग काढून टाका. डिसेंबर-जानेवारीत हिरवं नेट कायम ताणून ठेवलं तर तुम्हीच त्याचं ऊन चोरताय, पानं पुन्हा मोठी आणि गड्डा सैल. फेब्रुवारी लागताना गड्डे राहिले असतील तर तेव्हा दुपारचं पुन्हा घाला.

मिश्रण एका बॅगेचं सांगते (१८ लिटर धरून). लाल माती दोन भाग, कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट दोन भाग, कोकोपीट एक भाग. त्यात निंबोळी पेंड १०० ग्रॅम, हाडांचं खत ५० ग्रॅम. आपल्याकडची लाल माती आम्लधर्मी असते आणि कोबीला सामू (पीएच) साडेसहाच्या आसपास लागतो, म्हणून लावणीच्या दोन आठवडे आधी एक मोठा चमचा डोलोमाइट, म्हणजे १५ ग्रॅम, मिसळून भिजवून ठेवा. पानाचा चुना वापरायचा असेल तर छोटा चमचाच, तो फार तीव्र असतो. कोकोपीट कच्चं टाकू नका. त्यात सोडियम-पोटॅश धरलेलं असतं आणि ते कॅल्शियम ओढून घेतं. पाच किलोच्या विटेला १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट पाण्यात विरघळवून रात्रभर भिजवा, सकाळी दोनदा साध्या पाण्याने धुवा.

एका बॅगेत एकच रोप. ४ बाय २ च्या वाफ्यात सहा, सातवं घुसवू नका.

खाडीकाठ

पाण्याबद्दल लिहितो.

दुपारी पानं माना टाकतात तेव्हा लगेच पाणी ओतण्याचा मोह आवरा. मोठ्या पानांतून पाणी जितक्या वेगाने उडतं तितक्या वेगाने मुळं ओढू शकत नाहीत, एवढंच ते असतं. संध्याकाळी साडेसहाला बघा. पानं उभी राहिली असतील तर माती ठीक आहे. तेव्हाही माना खाली असतील तर बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून पाहा: कोरडी लागली तर पाणी कमी, चिखल लागला आणि आंबूस वास आला तर मुळं कुजताहेत आणि आणखी पाणी म्हणजे विष. ओल्या बॅगेत रोज दुपारी आणखी पाणी दिल्यानेच बरीच रोपं जातात.

एका बॅगेचं प्रमाण: लावणीनंतर रोज अर्धा लिटर, महिनाभराने एक लिटर, गड्डा भरताना दीड, कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत दोन लिटरपर्यंत, तेही सकाळ-संध्याकाळ विभागून. दोन लिटर ताशीचा ड्रिपर असेल तर २० मिनिटं सकाळी, २० संध्याकाळी, म्हणजे १.३ लिटर होतं. काळी नळी गच्चीवर उन्हात पडलेली असते, तिच्यातलं पहिलं पाणी हात भाजेल इतकं तापतं. म्हणून टायमर सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सहानंतरच लावा.

आता कोणतं पाणी. नवी मुंबईचं पालिकेचं मोरबे धरणाचं पाणी गोडं आहे, त्यात काही अडचण नाही. अडचण बोअरची. ऐरोली-घणसोलीपासून बेलापूरपर्यंत खाडीच्या बाजूच्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ असतं. कोबी मिठाला मध्यम नाजूक पीक आहे. मातीतल्या क्षारांचं मोजमाप, म्हणजे ईसी, १.८ च्या वर गेलं की उत्पादन घटू लागतं. सिंचनाच्या पाण्यात हे साधारण १.२ धरा, टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) सुमारे साडेसातशे. त्याच्या वरचं पाणी असेल तर पानांच्या कडा करपतात, पान जाड आणि निळसर होतं, गड्डा लहान राहतो. घरच्या आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी लोक झाडांना घालतात. जास्वंदीला चालून जाईल, कोबीला नको, त्यात नळाच्या पाण्यातले सगळे क्षार दाट झालेले असतात. घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलांत सांडपाणी प्रकल्पाचं शुद्ध केलेलं पाणी बागेला येतं. ते शोभेच्या झाडांसाठी ठीक, पण कच्ची कोशिंबीर करून खायच्या भाजीवर मुळीच वापरू नका.

दांड्यातली पोकळी आणि तपकिरी डाग म्हणजे बहुधा बोरॉनची कमतरता. कोबी-फ्लॉवरला बोरॉन इतर भाज्यांपेक्षा जास्त लागतं आणि आपल्या पावसात लाल मातीतून ते वाहून जातं. लावणीनंतर तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्यात बोरॅक्स १ ग्रॅम प्रति लिटर पानांवर फवारा, दोनदा बस्स. ग्रॅमचा काटा वापरा. चमच्याने अंदाज केला आणि जास्त पडलं तर पानांच्या कडा पिवळ्या होऊन जळतात, आणि बॅगेतून ते लवकर निघत नाही.

आतल्या पानांच्या कडा तपकिरी, बाहेरून गड्डा सुरेख, असं दिसलं तर तो कॅल्शियमचा प्रश्न. माती कधी कोरडी, कधी तुडुंब असं झालं की आतल्या कोवळ्या पानांपर्यंत कॅल्शियम पोचत नाही. पाणी एकसारखं ठेवणं हाच खरा उपाय, जोडीला पंधरा दिवसांनी कॅल्शियम नायट्रेट २ ग्रॅम प्रति लिटर मुळाशी. ते १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) बरोबर एकाच बादलीत कालवू नका, फॉस्फेटशी मिळून तळाला पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. १९:१९:१९ देणार असाल तर लावणीनंतर दोन आठवड्यांनी सुरू करून दर आठवड्याला २ ग्रॅम प्रति लिटर, रोपाला अर्धा लिटर. गड्डा धरायला लागला की थांबवा आणि १३:००:४५ वर (पालाश जास्त असलेलं खत) या.

ऐरोली_गच्ची

सगळ्यांचे मनापासून आभार. कठड्याच्या सावलीचा तर विचारच केला नव्हता, बॅगा या रविवारीच हलवते.

आता किडीचं विचारते. मधल्या कोवळ्या पानांवर जाळीसारखं काही होतं, शेंडा खाल्लेला, आणि पुढे त्याच रोपाला बाजूने तीन-चार लहान फुटवे आले. दुसऱ्या रोपांवर पानांना पारदर्शक खिडक्या पडल्या होत्या. निंबोळी तेल फवारलं तर पानावरून थेंब मोत्यासारखे घरंगळून जात होते. आणि कबुतरं! कोवळी पानं शिरांपर्यंत सोलून ठेवतात.

मोहरीची_ओळ

ताई, तुम्ही दोन वेगळ्या किडी सांगितल्यात.

जाळी आणि खाल्लेला शेंडा ही गड्डा पोखरणारी अळी. पिवळट अंग, त्यावर लांब तपकिरी रेषा, काळं डोकं. लहान असतानाच शेंड्यात शिरते. शेंडा मेला की झाड बाजूने फुटवे काढतं आणि मुठीएवढे तीन-चार गड्डे धरतं, एकही कामाचा नाही. हिचा धोका लावणीनंतर पहिल्या तीन-चार आठवड्यांत सगळ्यात जास्त. तेवढे दिवस रोज सकाळी प्रत्येक रोपाच्या मधल्या दोन पानांची घडी बोटांनी हलकेच उघडून बघायची. जाळी दिसली की काडीने अळी बाहेर काढायची. पंचवीस बॅगांना दहा मिनिटं लागतात, आणि या किडीवर याहून चांगला उपाय गच्चीवर नाही. आत शिरल्यावर फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही.

खिडक्या पाडणारी ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी, डायमंडबॅक म्हणतात ती. पानाच्या खालून खाते, वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते, म्हणून खिडकी दिसते. बोट लावलं की वळवळत मागे सरकते आणि रेशमाच्या धाग्याला लटकते, ही तिची पक्की खूण. हिच्यावर बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजेन्सिस कुर्स्टाकी, १ ते २ ग्रॅम प्रति लिटर. उन्हात ते लवकर निकामी होतं, म्हणून सूर्य मावळताना फवारायचं, पानाच्या खालच्या बाजूला, पाच-सहा दिवसांनी पुन्हा. अळ्या लहान असतानाच काम करतं.

थेंब घरंगळतात कारण कोबीच्या पानावर मेणाचा थर असतो. लिटरला १ मिली साधा लिक्विड साबण किंवा चिकट द्रव्य मिसळल्याशिवाय कोणतीही फवारणी पानावर बसणार नाही. निंबोळी तेल ५ मिली प्रति लिटर, आधी साबणात घोळवून मग पाण्यात. दुपारी फवारलं तर पानं भाजतात.

तंबाखूवरच्या अळीचा पतंग अंडी घालतो तो पानाखाली तपकिरी, केसाळ पुंजक्यात, ते पान तोडून साबणाच्या पाण्यात टाका. राखाडी मावा पानाच्या वळणात बसतो, त्यावर पाण्याचा जोराचा फवारा आणि साबणाचं पाणी पुरतं. लेडीबर्ड किडे दिसले तर आठवडाभर काहीच फवारू नका, ते काम करत असतात.

पण हे सगळं टाळता येतं. लावणीच्या दिवशीच ४० मेशची (इंचाला चाळीस छिद्रं) कीटकरोधक जाळी बसवा. अर्ध्या इंची पीव्हीसी पाईपच्या कमानी, वर जाळी, कडा विटांनी दाबलेल्या. कोबीला परागीभवन लागत नाही, त्यामुळे जाळी काढणीपर्यंत तशीच राहिली तरी चालते. जाळी पानाला टेकता कामा नये, टेकली की पतंग बाहेरून अंडी घालतो. कमान पूर्ण वाढलेल्या रोपापेक्षा अर्धा फूट उंच धरा. कबुतरांचाही प्रश्न याच जाळीने मिटतो. आत एक-दोन अंश उष्णता वाढते, म्हणून कमानी वाऱ्याच्या दिशेला समांतर उभारा.

कोपरीची_कुंडी

एक भर. पानाच्या कडेपासून आत येणारा इंग्रजी व्ही आकाराचा पिवळा डाग आणि त्यातल्या शिरा काळ्या, असं दिसलं तर तो घाण्या रोग. औषध शोधत बसू नका. ते रोप मातीसकट पिशवीत बांधून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये अजिबात नाही. रोग बियातून येतो, म्हणून सुटं बी घेत असाल तर ५० अंशांच्या पाण्यात २५ मिनिटं बुडवून मग सावलीत सुकवा. थर्मामीटर हवाच, ५५ ला बी मरतं आणि ४५ ला जंतू मरत नाही. त्या बॅगेत पुढची दोन वर्षं कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी काही नको. मे महिन्यात बॅगांची माती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली पाच-सहा आठवडे उन्हात तापवली तर मातीतल्या बऱ्याच बुरशा आणि सूत्रकृमी कमी होतात.

पनवेल_दोन_गुंठे

विषयाला धरूनच विचारतो. पनवेलच्या पुढे भाताची जमीन आहे, विहिरीला मार्चपर्यंत पाणी. दोन गुंठ्यांत कोबी जमेल का? गच्चीचं गणित तिथे कितपत लागू?

हळवा_गरवा

जमेल, पण भात हळवं (लवकर तयार होणारं) असेल तरच. गरवं, म्हणजे उशिरा येणारं भात नोव्हेंबर मध्यापर्यंत उभं असतं, तोवर कोबीची तारीख निघून जाते. हळव्याची कापणी ऑक्टोबरात उरकली की रोपं दुसरीकडे गादीवाफ्यावर तयार असली पाहिजेत.

भातखाचराची मुख्य अडचण चिखलणीची. पावसाळाभर चिखल करून खाली घट्ट थर बसलेला असतो, कोबीची मुळं तिथे अडतात आणि पाणी साचतं. कापणीनंतर वाफसा येताच, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी अशी झाली की, आडवी-उभी नांगरट करा. फार ओलं असताना नांगर घातला तर दगडासारखी ढेकळं निघतात आणि फेब्रुवारीपर्यंत फुटत नाहीत. दोन गुंठ्यांना शेणखत अर्धा टन, नंतर सरी-वरंबे. लवकरच्या वाणाला ४५ बाय ३० सेंटिमीटर, वरंब्याच्या बगलेत, म्हणजे बांध-पाट सोडून बाराशे ते चौदाशे रोपं बसतात. बी १० ग्रॅम पुरतं. तीन-चार आठवड्यांनी खुरपणी करून खोडाला मातीची भर द्या, मूळ खोल खुरपू नका.

मोहरीची ओळ विसरू नका. कोबीच्या २५ ओळींना दोन ओळी मोहरी, एक कोबीच्या लावणीआधी दोन आठवडे आणि दुसरी लावणीनंतर साडेतीन आठवड्यांनी पेरायची. चौकोनी ठिपक्यांचा पतंग आणि मावा कोबीपेक्षा मोहरी पसंत करतात. फवारणी मग मोहरीवर केंद्रित करता येते. आणि सगळी रोपं एकदम लावू नका, एका आठवड्यात हजार गड्डे तयार झाले तर वाशीच्या बाजारभावावर सोडण्यावाचून इलाज राहत नाही.

उन्हाळी कोबीचा मात्र विचार करू नका. पाणी असलं तरी मार्च-एप्रिलमध्ये गड्डा भरत नाही. त्या जागेत गवार, भेंडी, चवळी, माठ घ्या, उन्हाला तीच पिकं साजतात.

ऐरोली_गच्ची

शेवटचं एक. काढणी नेमकी कधी? आणि गड्डे फुटतात ते कशाने?

वाफसा

गड्ड्याच्या माथ्यावर अंगठ्याने दाबा. आत दबला तर अजून आठवडा. दगडासारखा घट्ट लागला आणि माथ्याचं वरचं पान ताणून चकचकीत, थोडं फिकट दिसू लागलं की काढा. आपल्या हवेत मोठा होईल म्हणून ठेवण्यात तोटाच, तीन-चार गरम दिवसांत आतला दांडा लांबू लागतो आणि गड्डा टोकाकडून उघडतो.

फुटतो तो बहुतेक वेळा पाण्याने. दोन दिवस बॅग कोरडी राहिली आणि तिसऱ्या दिवशी भरपूर पाणी दिलं की आतली पानं झपाट्याने फुगतात, बाहेरचं पान तितकं ताणत नाही, आणि तडा जातो. उशिरा दिलेलं नत्रही हेच करतं, म्हणून गड्डा घट्ट व्हायला लागला की युरिया, शेणस्लरी, जीवामृत सगळं बंद. एकाच वेळी बरेच तयार झाले आणि फ्रीजमध्ये जागा नसेल तर गड्डा दोन्ही हातांनी धरून पाव वळसा फिरवा. खाली मुळांचा कट्‌कट् आवाज येतो. निम्मी मुळं तुटल्याने पाणी ओढणं कमी होतं आणि गड्डा आठवडाभर तसाच राहतो. हे जानेवारीत करा. फेब्रुवारीच्या उन्हात असं केलं तर बाहेरची पानं दुपारपर्यंत लोळतात.

काढणी सकाळी, ऊन चढायच्या आत, बाहेरची दोन-तीन हिरवी पानं गड्ड्याला ठेवून. तीच पानं फ्रीजमध्ये त्याला सुकू देत नाहीत. बुंधा बॅगेत ठेवून पुन्हा गड्डे येतील याची वाट पाहू नका, इथे तोवर उन्हाळा लागलेला असतो आणि त्या फुटव्यांवर मावा जमतो. बुंधा उपटा, मुळांना गाठी नाहीत ना बघा, आणि त्याच बॅगेत मूठभर शेणखत मिसळून गवारीचं बी टाका.